खाबुऱ्याच्या गाडीची चाकं

चाक बदललं की गाडीचा चेहरा बदलतो, हे मी दिवसातून चारदा तरी गिऱ्हाइकांना ऐकवतो. बायको म्हणते, हे वाक्य तू झोपेतही बोलतोस. बोलत असेन. मस्कतमध्ये बौशरला टायर आणि रिम्सच्या दुकानात मॅनेजर म्हणून इतकी वर्षं काढल्यावर माणसं मला आधी चाकांवरून आठवतात, मग चेहऱ्यावरून. पुण्याहून आलो तेव्हा दोन वर्षांत परत जायचं ठरलं होतं. आता मुलगी बारावीला आहे आणि मराठीत फक्त भूक लागली एवढंच सांगते.

जुन्या अमेरिकन गाड्यांचं मला पहिल्यापासून वेड. लांब नाक, दोनच दारं, आणि बोनेटखाली एवढं मोठं इंजिन की पेट्रोल पंपवाल्याने हात जोडावेत. मसल कार म्हणतात ती. ओमानमध्ये अशा गाड्या अजून सापडतात; कुणाच्या तरी वडिलांनी घेतलेल्या असतात, हवा कोरडी असली तर पत्राही टिकतो. पण त्यांना आजकालची बावीस इंची चकचकीत रिम्स लावणारे लोक बघितले की माझं डोकं फिरतं. नऊवारीवर स्पोर्ट्स शूज घालून मिरवावं तसं दिसतं ते. ज्या काळची गाडी, त्या काळच्या धाटणीचं चाक, हा माझा हट्ट. नवीन बनवलेलं असेना का, धाटणी तीच हवी.

हा हट्ट ऐकूनच एक ओमानी गृहस्थ एका सकाळी दुकानात आले. वय पंचावन्नच्या आसपास, अंगात पांढरा स्वच्छ पायघोळ दिशदाशा, आवाज हळू. ओमानी गिऱ्हाइकाला आम्ही दुकानात सरसकट अर्बाब, म्हणजे मालक, म्हणतो, तसंच त्यांनाही म्हणालो. बातिना किनाऱ्यावरच्या पुष्कळ लोकांना हिंदी येतं, त्यांनाही येत होतं.

"गाडी तैयार है," ते म्हणाले. "इंजिन हो गया, रंग हो गया. चक्का नहीं है."

"कैसा चक्का चाहिए, अर्बाब?"

"जो था, वही."

मग चहा घेताना त्यांनी सगळं सांगितलं. गाडी त्यांच्या थोरल्या भावाची. भाऊ त्यांच्यापेक्षा बराच मोठा, कुवेतला कामाला होता, तिथून ही गाडी घेऊन खाबुऱ्याला, किनाऱ्यावरच्या त्यांच्या गावी आला. एका उन्हाळ्यात त्याला ताप भरला आणि तो गेला. आई तेव्हा माहेरी होती, डोंगराच्या पलीकडे. इथे मातीला उशीर करत नाहीत. निरोप पोहोचून ती येईपर्यंत दफन झालं होतं. तिने मुलाचं तोंड बघितलं नाही, आणि तो गेला हे तिने आजतागायत मानलं नाही.

"अम्मी बोलती है, वो मरा नहीं. उसको ले गया."

"कौन ले गया?" मला वाटलं, पोलिसांची काही भानगड असेल.

"साहिर लोग."

साहिर म्हणजे जादूटोणा करणारे. इकडच्या जुन्या लोकांचं म्हणणं असं, की साहिर जिवंत माणसाला उचलून नेतात आणि त्याच्या जागी भलतंच काहीतरी ठेवून जातात. घरचे रडतात, पुरतात ते त्या भलत्याला. खरा माणूस कुठेतरी दूर राबत असतो, बोलता येत नाही, घर ओळखता येत नाही. त्याला मुगय्यब म्हणतात. कधीकधी तो परत येतो म्हणे. दारात उभा राहतो.

मी पुण्याचा. भूत म्हटलं की मला आधी हसू येतं आणि मग मी पुरावा मागतो. पण या माणसाने ते वीजबिल भरल्याचं सांगावं इतक्या सरळ सांगितलं, त्यामुळे मला हसूही येईना. मानेवर मात्र एसीचा वारा जरा जास्तच गार लागला.

अर्बाबची अडचण वेगळीच होती. आईच्या दोन्ही किडन्या निकामी होत चालल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मस्कतजवळ सीबला तुमच्या घरी आणून ठेवा, आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या मशिनवर घ्यावं लागेल, नाहीतर आशा नाही. डोळे तर आधीच गेले होते. पण म्हातारी खाबुऱ्याचं घर सोडायला तयार नव्हती. तो आला आणि घराला कुलूप दिसलं तर? अर्बाबनी हातापाया पडून बघितलं होतं. ते दर शुक्रवारी जायचे, आणि त्यांच्या पावलांचा आवाज आला की ती विचारायची, "तो आला का?" नाही म्हटलं की पुन्हा तोंड फिरवून बसायची.

"मेरी गाडी में नहीं बैठती," ते म्हणाले. "उसकी गाडी में बैठेगी."

गाडी इतकी वर्षं घराच्या अंगणात खजुराच्या ओंडक्यांवर उभी होती. वडिलांनी कुणी ती चालवू नये म्हणून चाकं काढून एका ओळखीच्याला देऊन टाकली होती. ते वडीलही गेले, तो ओळखीचाही गेला. चाकं कशी होती हे सांगायला आता अर्बाबची आठवण तेवढी उरली होती, आणि ते तेव्हा दहा-अकरा वर्षांचे.

"चमकता था," ते म्हणाले. "बहोत चमकता था."

मी कॅटलॉग उघडले. खरं सांगतो, मला त्यात सुख वाटत होतं. पाच आऱ्यांचं ओतीव अ‍ॅल्युमिनियमचं चाक, आरे करडे आणि कडा आरशासारखी, खाचा असलेलं स्टीलचं, त्यावर क्रोमची रिंग, पूर्ण क्रोमचं. पंधरा इंची घेतलं तर चेहरा राखला जातो, सतरा घेतलं की गाडी उंट झाली. अर्बाब प्रत्येक चित्रावर बोट ठेवायचे, डोळे मिटायचे, मग मान हलवायचे. शेवटी पाच आऱ्यांच्या चाकावर त्यांचं बोट थांबलं. कडेची चमक बघून थांबलं हे मला तेव्हाही दिसत होतं, पण मलाही तेच चाक हवं होतं. त्या काळचं सगळ्यात देखणं चाक तेच. मनातल्या मनात म्हटलं, वा, माणसाला चव आहे.

माल यायला वेळ लागला. तोपर्यंत गाडी आमच्याकडे येऊन पडली. काळपट हिरवी, नवीन रंगाची, आणि आतून मात्र जुना वास, समुद्राचा आणि कसल्याशा धुपाचा. सगळं कातडं बदललं होतं, गालिचा बदलला होता, तरी तो वास जाईना. माझा फिटर मालवणजवळच्या गावचा, पंचवीस वर्षं मस्कतला असलेला माणूस. तो त्या गाडीत बसेना. हँडब्रेक सोडायचा झाला तरी दारातून वाकून हात घालायचा.

"सायबानु, ह्या गाडयेत मागच्या सीटवर कोणतरी बसलेला आसा," एकदा तो म्हणाला.

"तिकीट काढलंय का विचार त्याला," मी म्हटलं. तो हसला नाही.

चाकं बसवली त्या दिवशी गाडी लिफ्टवर होती, इंजिन बंद, गिअर न्यूट्रलला. मी बिल करत होतो. मान वर केली तर मागचं डावं चाक हळूहळू फिरत होतं. दारं उघडी होती, वारा असेल. शिवाय नवीन चाक नीट बॅलन्स झालं नसेल तर जड बाजू खाली येईपर्यंत ते फिरतंच. मला हे सगळं माहीत होतं. तरी ते थांबेपर्यंत मी तिथून हललो नाही.

आम्ही गाडी रिकव्हरी ट्रकवर चढवून खाबुऱ्याला नेली. अर्बाब पुढे त्यांच्या गाडीत, मी आणि फिटर ट्रकमध्ये. पोहोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजत आले होते. बाजार मागे पडला, शेतं लागली, आणि शेतांच्या टोकाला ते घर. मातीच्या रंगाची भिंत, लोखंडी फाटक, आत लिंबाची झाडं. पक्षीसुद्धा बोलत नव्हता. उन्हाने सावल्या पायाखाली ओढून घेतल्या होत्या. फाटकातून आत बघितलं तर गाडी जिथे उभी असायची तो चौकोन झाडून स्वच्छ केलेला. घरची कामवाली म्हणाली, म्हातारी रोज सकाळी चाचपडत येते आणि स्वतः झाडते. गाडी नव्हती त्या दिवसांतही झाडत होती.

ट्रकवरून गाडी फाटकाबाहेर उतरवली आणि फिटर गायब झाला. आला तो ओंजळीत चार लिंबं घेऊन, अर्बाबच्याच झाडाची.

"नवी चाकां लावली, लिंबू नको ठेवूक?"

आता हे आमच्याकडे कुठल्याही नव्या गाडीला करतात. चारी चाकांखाली लिंबू, गाडी त्यावरून पुढे, झालं. दुकानात आपल्या लोकांच्या गाड्यांना आम्ही नेहमीच करतो. माझा विश्वास नाही, पण विरोधही नाही; चार लिंबांनी कुणाचं काय जातं? "ठेव बाबा," मी म्हटलं. त्याने चारही चाकांपुढे एकेक लिंबू नीट सरकवलं. अर्बाब आत आईला आणायला गेले होते, त्यांनी बघितलं नाही. परत येऊन ते स्टिअरिंगवर बसले, गाडी सुरू झाली, आणि ती लिंबं फुटल्याचा आवाज त्या शांततेत मला जरा मोठाच वाटला.

म्हातारी कामवालीच्या खांद्यावर हात ठेवून अंगणात उभी होती. इतकी बारीक बाई मी बघितली नव्हती. गाडी तिच्यासमोर थांबली. इंजिनाचा आवाज ऐकून तिचा चेहरा उजळला. ती पुढे आली, बोनेटवरून हात फिरवत खाली वाकली आणि पुढच्या चाकावर तळवा ठेवला. बोटं एका आऱ्यावरून दुसऱ्यावर गेली. मग टायरवर. तिथे लिंबाचा चोथा चिकटला होता. तिने बोटं नाकाशी नेली.

हात चटका बसल्यासारखा मागे आला. ती काहीतरी म्हणाली, मोठ्याने नाही, पण कामवालीचा चेहरा उतरला. मग वळली आणि भिंत धरत आत निघून गेली. दाराला आतून कडी लावल्याचा आवाज आला.

"क्या बोला?" मी विचारलं.

अर्बाब चाकाकडे बघत होते. त्या ओल्या सालींकडे. मला कळून चुकलं की आम्ही काय करून बसलो होतो. ज्या घरातला मुलगा जादूटोण्याने नेला असं ती बाई समजते, त्या घराच्या दारात आम्ही चाकांखाली लिंबं फोडून गाडी आत आणली होती.

"बोला, ये उसका गाडी नहीं है. जो उसको ले गया, उनका है."

फिटरने पाण्याने चाकं धुतली. मी माफी मागितली, रीत समजावून सांगितली, आमच्यात शुभ असतं म्हणालो. अर्बाब म्हणाले, "मालूम है, मालूम है," पण ते माझ्याकडे न बघता म्हणाले. मला स्वतःचा मनस्वी राग आला. चार लिंबांनी काय जातं म्हणे!

निघताना कामवाली फाटकापर्यंत आली आणि अर्बाबशी बोलली. म्हातारी आतून विचारत होती: चाकाची भोकं कुठे गेली?

ते ऐकून अर्बाब ट्रकच्या पायरीवर बसले. त्यांना आठवलं. भाऊ गाडी समुद्राच्या वाळूत घालायचा. कुवेतहून आलेली सुंदर चाकं वाळूत रुतत, म्हणून त्याने ती विकून त्याच कंपनीच्या पिकअपची साधी स्टीलची चाकं लावली होती, रुंद, गोल भोकांची. आणि होडीला लावतात तो चंदेरी रंग ब्रशने फासला होता. चमकायचं ते हे. संध्याकाळी तो परत आला की आई विहिरीच्या पाण्याने खारट चाकं धुवायची, प्रत्येक भोकात बोट घालून. नाहीतर गंज चढेल म्हणून.

मी कॅटलॉगमधला त्या काळचा अमेरिकेतला रस्ता बघत बसलो होतो. त्या काळचा खाबुऱ्याचा किनारा माझ्या कॅटलॉगमध्ये नव्हताच.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती दवाखान्यात काम करते, तिला किडनीचं काय असतं ते ठाऊक.

"अरे, पण तुम्ही त्या म्हाताऱ्या बाईला फसवताय," ती म्हणाली.

"फसवून ती मशिनवर जाणार असेल तर?"

"मग लवकर फसवा," असं म्हणून ती उठली. मग स्वयंपाकघरातून म्हणाली, "आणि लिंबं नकोत."

भोकांची स्टीलची चाकं आजही बनतात. कॅटलॉगमध्ये अगदी शेवटच्या पानावर असतात, ज्यांना दिखाव्याची पर्वा नाही अशांसाठी. ती मागवली. रुंदी, भोकाचा घेर, सगळं अर्बाबच्या बोटांच्या मापाने विचारून घेतलं. ती आली काळी कुळकुळीत. सीबच्या जुन्या बाजारातून होडीचा चंदेरी रंग आणला. स्प्रे करू दिला नाही मी. ब्रशने मारायला लावला, ओघळ ठेवून. माझ्या धंद्यात इतकं वाईट काम मी कधी केलं नव्हतं आणि इतक्या काळजीनेही केलं नव्हतं. गाडी निघाली तेव्हा फिटरने फक्त लांबून हात जोडले.

या वेळी ट्रक नव्हता. अर्बाब म्हणाले, मी चालवत नेतो, तुम्ही शेजारी बसा. ते नेहमीच्याच दिशदाशात होते, पण आज डोक्याला टोपी नव्हती, आणि डावा कोपर खिडकीबाहेर. सोहारच्या रस्त्याला लागलो तसे ते बोलेनासे झाले. एक हात स्टिअरिंगच्या वरच्या टोकावर टाकून, सीटवर जरा तिरके, ते असे चालवत होते की हा पंचावन्न वर्षांचा हळू बोलणारा माणूस आहे हे मी अधूनमधून विसरत होतो. एकदा मी काहीतरी विचारलं तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू हा कोण बसलाय शेजारी. मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

फाटकापाशी गाडी थांबवून त्यांनी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. एकदा. मग थोडं थांबून पुन्हा एकदा. हे आमचं ठरलं नव्हतं. दुसऱ्या आवाजाच्या आधीच आत दाराची कडी निघाली.

मी उतरून भिंतीपाशी उभा राहिलो. म्हातारी या वेळी कुणाचा खांदा न धरता आली. सरळ चाकाशी बसली. बोटं पत्र्यावरून फिरली, एका भोकापाशी आली आणि आत गेली. ती तशीच बसून राहिली. मग दुसरं भोक, मग तिसरं. ती चाक पुसत होती. ओढणीच्या टोकाने, आतल्या कडेपर्यंत, सवयीच्या हाताने. मला रडू येत होतं आणि भीतीही वाटत होती, दोन्ही एकाच वेळी.

अर्बाब तिच्याशेजारी येऊन गुडघ्यावर बसले. तिने हात वर करून त्यांचा चेहरा चाचपला. कपाळ, नाक, दाढी. मला वाटलं, आता ओळखेल. तिने त्यांचं डोकं छातीशी धरलं आणि हाक मारली. हाक थोरल्याच्या नावाने होती. अर्बाबचे खांदे एकदा हलले. मग ते त्याच नावाला ओ देऊन बोलले.

ती गाडीत बसली. कामवाली तिची बोचकी आणत होती तेव्हा ती अर्बाबला काहीतरी विचारायला लागली. एवढं अरबी मलाही कळतं.

"सगीर कुठे आहे?"

सगीर म्हणजे धाकटा.

अर्बाब हातात गाडीची किल्ली घेऊन उभे राहिले. इतका वेळ, की तिने पुन्हा विचारलं.

"बाहेर गेलाय," ते म्हणाले. "येईल, इन्शाल्ला."

त्यानंतर काही आठवड्यांनी मी सीबला त्यांच्या घरी गेलो. नवीन चाकांचे बोल्ट थोडं अंतर चालल्यावर पुन्हा आवळावे लागतात, तेवढं निमित्त. म्हातारी मशिनवर जात होती. त्याच गाडीतून जायची. चेहऱ्यावर तजेला आला होता. पुढच्या खोलीत दाराजवळच्या गादीवर बसली होती आणि दार सताड उघडं होतं. एसी चालू, बाहेरचा उन्हाळा आत येत होता, पण कुणी दार लावत नव्हतं. मी आत पाऊल टाकलं तशी तिने मान वळवली आणि सगीर आला का असं विचारलं. अर्बाबनी नाही म्हटलं. ती पुन्हा दाराकडे तोंड करून बसली.

अर्बाब कॉफी ओतत होते तेव्हा मी हळूच विचारलं, "अर्बाब, उनको बताते क्यों नहीं? आप यहीं बैठे हो."

त्यांनी आईकडे बघितलं. तिचा चेहरा दाराकडे लागलेला, मान जरा पुढे, रस्त्यावरच्या प्रत्येक पावलाचा अंदाज घेत असलेली.

"पूरा जिंदगी उसका रास्ता देखा," ते म्हणाले. "अब मेरा देखती है."

आणि त्यांनी खजूर माझ्यापुढे केले.